पाच दिवसांचा रक्तबंध

मंगळवार, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. धानोरीच्या पुढे, लोहगाव रस्त्यावरच्या एका लॉन्सच्या मांडवात बद्रीनाथ महाराजांनी दत्तोबा शिवले यांच्या उघड्या छातीवर माइक टेकवला. चारही कोपऱ्यांतले स्पीकर पूर्ण आवाजात होते. पाच-सहाशे माणसं कान देऊन बसली होती. स्पीकरमधून दत्तोबांच्या धापेची खरखर आली. दुसरं काही आलं नाही.

महाराजांनी माइक तोंडाजवळ घेतला.

"काय ऐकलंत, माउली?"

"काही न्हाई!" मांडव ओरडला.

"तीन आठवड्यांमागं काय ऐकलं होतं?"

"टिकटिक!"

"मग टिकटिक करणारी गेली कुठं?"

"गेली! गेली!"

शंख वाजला, झेंडूच्या पाकळ्या उडाल्या. पहिल्या रांगेतल्या सरुबाई, दत्तोबांच्या पत्नी, पदर तोंडाला लावून रडू लागल्या. मोबाइल वर झाले. पाचव्या रांगेत सत्तरीकडे झुकलेली एक बाई मात्र उठून उभी राहिली होती आणि टाळ्या वाजवत नव्हती. शेजारच्या तरुणाला ती म्हणाली, "संतोष, तुझा हळद-चुना राहू दे आता. हा माणूस मरायला लागलाय."

बाईंचं नाव सत्यशीला. राहणार शनिवार पेठ. सरकारी रुग्णालयाच्या औषधखिडकीवर एकतीस वर्षं नोकरी, आता निवृत्त. संतोष हे नारायण पेठेतल्या एका शाळेत विज्ञान शिकवतात आणि सुटीच्या दिवशी बुवाबाजीचे प्रकार उघड करत फिरतात. त्यांना या मांडवात बोलावलं होतं दत्तोबांच्या सुनेनं, तनुजानं. रविवारी तिनं फोन केला तेव्हा तिचं म्हणणं एवढंच होतं, "सर, मी काही केलेलं नाही, हे कोणीतरी सिद्ध करा हो. मला आता घरात राहणं अशक्य झालंय."

काय झालं होतं, ते आधी सांगायला हवं.

दत्तोबांचं वय बहात्तर. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाची एक झडप निकामी झाली. ती काढून डॉक्टरांनी तिथं धातूची झडप बसवली. अशी झडप उघडते-मिटते तेव्हा मनगटी घड्याळासारखा बारीक आवाज येतो. शांत खोलीत शेजारी बसलेल्यालाही तो ऐकू येतो. त्या झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते, आणि रक्त किती पातळ झालंय हे दर महिन्याला तपासावं लागतं. दत्तोबा गोळी घेत होते. तपासणी मात्र चार महिने झाली नव्हती. "मला काय धाड भरलीया?" हे त्यांचं उत्तर ठरलेलं असे.

शिवल्यांचं घर दुमजली आणि चुली दोन. तीन वर्षांपूर्वी सासू-सुनेचं बिनसलं आणि तनुजानं वरच्या मजल्यावर स्वयंपाक मांडला. दत्तोबांची वाटणी दोघींनी न बोलता करून टाकली. सकाळची न्याहारी आणि दुपारचं जेवण खाली सरुबाईंकडे. रात्रीचं वर, मुलगा विश्वजीत आणि तनुजाकडे. दोन्ही चुलींवर जेवणारा घरात एकच माणूस होता.

डिसेंबरात त्यांच्या नाकातून रक्त यायला लागलं. पहिल्यांदा तोंड धुताना, मग झोपेत. तिसऱ्यांदा वरच्या मजल्यावर जेवताना, आणि ते थेट तनुजानं वाढलेल्या ताटात पडलं. वाटी परत करायला आलेल्या सरुबाई नेमक्या दारात होत्या. गल्लीतल्या डॉक्टरांनी नाकात बोळा भरला, रक्त तपासायला चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी दत्तोबांच्या खिशातच राहिली, कारण दुसऱ्याच दिवशी सरुबाई त्यांना महाराजांच्या दरबारात घेऊन गेल्या.

महाराजांचा हातखंडा प्रयोग रक्ताचा. म्हाताऱ्या माणसाच्या नाकातून रक्त येतं म्हणजे कोणीतरी त्याचं आयुष्य 'उपसून' घेतंय, असं त्यांचं शास्त्र. त्या पहिल्या मंगळवारी त्यांनी दत्तोबांच्या छातीला माइक लावला आणि टिकटिक सगळ्या मांडवानं ऐकली.

"ऐका, ऐका! घटका मोजतीया. ह्या माणसाच्या आत बसून ह्याच्याच घटका मोजतीया! घरातली वाट दाखवल्याबिगर ही आत शिरत न्हाई. जेवता कुठं आजोबा?"

"दुपारी खाली. रातीला वर, सुनंकडं."

"वरचं अन्न बंद. वरचं पाणी बंद. आणि गोळ्या? गोळ्या खाता? ते तर तिचं खाद्य! गोळी आत गेली की ती जोर धरती. सगळ्या गोळ्या लाल फडक्यात बांधायच्या, वर नाव-नंबराची चिठ्ठी लावायची आणि देवीच्या टोपलीत टाकायच्या. मी रक्तबंध घालतो. पाच दिवस. पाच दिवसांत नाक कोरडं झालं न्हाई, तर ही गादी सोडून हिमालयात जाईन."

पाचव्या दिवशी नाक खरोखर कोरडं झालं. महाराज हिमालयात गेले नाहीत.

तनुजासाठी घराचा जिना त्या पहिल्या मंगळवारीच संपला. सासरे वर येईनात. ती गोळी घेऊन खाली गेली तर सरुबाईंनी तिच्या हातावर फटका मारून गोळी मोरीत उडवली. "अजून किती खायचं हाय गं त्यांना?" असं त्या शेजारणींसमोर म्हणाल्या. विश्वजीतनं बायकोला सांगितलं, "रक्त थांबलंय ना? मग आईला कशाला दुखवायचं? जरा दिवस जाऊ दे." दिवस गेले, एकवीस. शेवटच्या चार दिवसांत दत्तोबांना अंगण ओलांडताना दम लागू लागला. महाराजांचा निरोप आला: बाधा निघताना दम लागतोच, घर सोडणारी भाडेकरीण आदळआपट करणारच.

औषधांचं कळतं म्हणून सोबत आणलेल्या सत्यशीलाबाईंना संतोष यांनी रिक्षातून येताना हे सगळं सांगितलं होतं. टिकटिक हा शब्द ऐकून त्या हसल्या होत्या. "धातूची झडप आहे रे. आमच्या खिडकीवर असे लोक रांगेत उभे राहायचे. चल, ऐकू तरी."

आणि ऐकायला काहीच आलं नाही.

व्यासपीठावर पुढचा प्रयोग सुरू झाला होता. महाराजांनी हळदीनं माखलेलं फडकं दत्तोबांच्या छातीवरून फिरवलं आणि तांब्यातल्या 'तीर्थात' बुडवलं. बाहेर काढलं तेव्हा ते लालभडक होतं. "हे तिचं रक्त!" महाराज गरजले.

तरीही संतोष व्यासपीठावर चढले. त्यांनी देवीपुढची हळद आपल्या पांढऱ्या रुमालाला चोळली आणि दुसऱ्या रांगेतल्या एका आजोबांना म्हणाले, "काका, चुन्याची डबी द्या बरं जरा."

डबीतला चुना पाण्यात कालवून त्यांनी रुमाल त्यात बुडवला. रुमाल लाल झाला.

"चुन्याच्या पाण्यात हळद लाल होते. तुमच्या डबीत पण बाधा आहे म्हणायची, काका."

मागच्या रांगा हसल्या. महाराजांचा स्वयंसेवक संपत दंडाला धरून संतोषना खाली ओढू लागला. पण मांडव शांत केला तो दत्तोबांनी. खुर्चीत पुढे झुकून, दोन शब्दांमागे एकदा थांबत ते म्हणाले, "मास्तर, रंग... खोटा असंल. पण माझं नाक... खरं हाय. सोळा दिस... थेंब न्हाई. ते कुणी... थांबवलं?"

बुवांचे रंग, धूर, लिंबं यांची उत्तरं संतोष यांना पाठ होती. खरंच थांबलेल्या रक्ताचं उत्तर त्यांच्या पिशवीत नव्हतं. मांडवानं पुन्हा टाळ्या वाजवल्या आणि या टाळ्या पहिल्यापेक्षा मोठ्या होत्या.

तोवर सत्यशीलाबाई व्यासपीठाच्या पायरीवर बसून देवीची टोपली उपसत होत्या.

"ओ बाई! देवीचं हाय ते!" संपत धावला.

"देवी गोळ्या घेते? काय होतंय तिला, बीपी आहे का?"

"हात लावू नका म्हणतो ना!"

"लावलाय. आता काय करता? माझं नाक फोडता?"

टोपलीत लाल पुरचुंड्या होत्या, शंभरावर. बाईंनी चिठ्ठ्या वाचत 'दत्तोबा शिवले' शोधली आणि सोडली. आत निळ्या पाकिटातली गोळी होती, सरुबाईंनी येरवड्याच्या स्वस्त औषधांच्या दुकानातून नऊ वर्षं आणलेली. त्यांनी चष्मा वर केला, कंपनीच्या नावाखालची बारीक अक्षरं वाचली.

"हीच ती. तनुजा, तू रविवारी संतोषला म्हणालीस की तूही गोळी द्यायचीस. कुठली?"

तनुजा मांडवाच्या दाराशी होती. तिला आत बसायला कोणी जागा दिली नव्हती. तिनं पर्समधून पाकीट काढलं. ते नारिंगी होतं. "नोव्हेंबरमध्ये डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शन नवीन करून दिलं ना, ते यांनी औषधांच्या अॅपवर टाकलं. रात्रीच्या जेवणानंतर एक, असं लिहिलं होतं. म्हणून मी द्यायचे. दुसरी कोणी देतंय, हे मला कोण सांगणार? खालून वर शब्द येत नाही आमच्याकडे."

बाईंनी दोन्ही पाकिटं शेजारी धरली. कंपन्या वेगळ्या, रंग वेगळे, वरची नावं वेगळी. आतलं औषध एकच, तेवढ्याच ताकदीचं.

मग त्या महाराजांशी किंवा मांडवाशी बोलल्या नाहीत. दत्तोबांच्या खुर्चीपाशी गुडघ्यावर बसल्या.

"अहो दादा, माझ्याकडे बघा. खालची निळी सकाळी आणि वरची नारिंगी रात्री. दोन्ही घेत होतात?"

दत्तोबांनी आधी सरुबाईंकडे पाहिलं, मग दाराकडे. मान हलवली.

"दोन आहेत, हे एकट्या तुम्हाला ठाऊक होतं. बोलला का नाहीत?"

"एकीची घेतली... तर दुसरी म्हणायची... तिचं ऐकता. दोघींचंबी... मन मोडू नये... म्हनून घेतली."

सत्यशीलाबाई उभ्या राहिल्या. "ऐका आता, कारण मला वेळ नाही. ही रक्त पातळ करायची गोळी. यांना रोज एक लागते, पोटात दोन जात होत्या. दीड महिना. रक्त इतकं पातळ झालं की नाकातून आलं. थंडीची कोरडी हवा, म्हातारी नाजूक त्वचा, तिथूनच फुटणार ते. कोणाची करणी नाही, कोणाची नजर नाही. या दोघी बायकांनी प्रेमानं दिलेल्या दोन गोळ्या आहेत. आणि महाराजांनी गोळी बंद केली. या गोळीचा असर उतरायला किती दिवस लागतात? साधारण पाच. रक्तबंध कसला? पाकिटावर छापता येईल एवढी साधी गोष्ट आहे ही."

"पण थांबलं ना रक्त?" मागून एक आवाज आला.

"थांबलं. एक गोळी कमी करायची होती, यांनी दोन्ही काढल्या. आता रक्त घट्ट होऊन त्या झडपेवर साकळतंय. तुम्ही मघाशी जो थांबल्याबद्दल टाळ्या वाजवल्यात, तो आवाज बाधेचा नव्हता. झडपेच्या उघडमिटीचा होता. तो बंद झाला म्हणजे झडप अडकत चाललीय. म्हणून यांना दम लागतोय. गाडी आणा!"

गाडी लगेच आली नाही. हे नोंदवायला हवं. संपत आणि आणखी दोघे पायरीवर आडवे उभे राहिले: बाधेची उतरवणी पूर्ण झाल्याशिवाय उठवलं तर दोष लागेल. कडेला उभा असलेला विश्वजीत किल्ली हातात घेऊन आईकडे बघत राहिला. महाराजांनी नवा सूर लावला. "बघा, बघा, जाताजाता ती बाईच्या रूपानं बोलतीया!" तनुजा त्या तिघांच्या मधून घुसायला गेली आणि मागे ढकलली गेली. ती उठली, पुन्हा घुसली. "हवं तर मीच केलं म्हणा! करणी केली म्हणा, विष दिलं म्हणा, सगळ्या गावासमोर कबूल करते! पण मामांना दवाखान्यात न्या! आत्याबाई, पाया पडते मी तुमच्या!"

संतोष यांनी खुर्चीच्या पाठीवर टाकलेल्या दत्तोबांच्या सदऱ्याच्या खिशात डॉक्टरांची चिठ्ठी शोधायला हात घातला. चिठ्ठी मिळाली आणि तिच्यासोबत दरबाराचा पिवळा नोंदणी कागदही. नाव, वय, गाव. त्याखाली छापलेला प्रश्न: 'रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का?' समोर 'होय'वर खूण. आणि पेनानं शेरा: 'पाच दिवस बंध'. पुढच्या रांगेत एका आजींच्या हातात तसाच कागद होता. संतोष यांनी तो मागून घेतला. तिथं 'नाही'वर खूण होती आणि शेरा होता: 'अमावस्येनंतर यावे'.

संतोष यांनी दोन्ही कागद माइकवर मोठ्यानं वाचले. "गोळी घेत असाल तर महाराजांना पाच दिवसांत यश. घेत नसाल तर तुमची अमावस्या कधी संपत नाही. महाराज, हे शास्त्र कुठल्या औषधाच्या दुकानात शिकलात?"

महाराज म्हणाले, "नास्तिकांशी मी वाद घालत न्हाई," आणि मागच्या कनातीतून निघून गेले. ते कुठे शिकले, याचा तपास अजून लागलेला नाही.

सरुबाई पहिल्या रांगेत बसूनच होत्या. दोन्ही पाकिटं आता त्यांच्या मांडीवर होती. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. त्या निळ्यावरून अंगठा फिरवत होत्या, मग नारिंगीवरून. शेवटी त्या उठल्या, पायरीवर आडव्या उभ्या असलेल्या संपतला म्हणाल्या, "हो बाजूला," आणि नवऱ्याच्या काखेत हात घालून त्यांना उभं करू लागल्या. एकटीला जमेना. "तनुजा," त्यांनी हाक मारली, "दुसरीकडनं धर."

गाडी चार वाजून अडतीस मिनिटांनी लॉन्सबाहेर पडली. सत्यशीलाबाई पाचव्या रांगेतून उठल्यापासून अठ्ठावीस मिनिटं गेली होती.

येरवड्याच्या अलीकडच्या एका खासगी रुग्णालयात पावणेसहाला हृदयाची सोनोग्राफी झाली. धातूच्या झडपेला दोन पाकळ्या असतात. एक हलत नव्हती, दुसरी अर्धवट हलत होती. गुठळी मोठी होती. छाती उघडण्याइतकी ताकद दत्तोबांच्या अंगात नव्हती, म्हणून डॉक्टरांनी गुठळी विरघळवणारं औषध देण्याचं ठरवलं. त्यातला धोकाही सांगितला: विरघळताना एखादा तुकडा सुटून मेंदूत जाऊ शकतो. संमतीच्या कागदावर विश्वजीतनं सही केली. ती त्याला दोनदा करावी लागली. औषध सहा चाळीसला सुरू झालं.

बाहेरच्या बाकावर सरुबाईंनी सत्यशीलाबाईंना विचारलं, "बाई, मी मारलं का वो त्यास्नी?"

सत्यशीलाबाईंना खोटा धीर देण्याची सवय नाही. "गोळीनं नाही मारलंत. गोळी दोघींनी चांगल्या मनानंच दिली. पण गोळी बंद करताना तुम्ही त्या माणसाला विचारलंत, ज्याला गोळीतलं काही कळत नाही, किंवा फार चांगलं कळतं. डॉक्टरला विचारलं नाहीत."

तेवढंच या हकिकतीतून वाचणाऱ्यानं घ्यावं. म्हाताऱ्या माणसाच्या नाकातून रक्त आलं तर त्याला पुढे वाकवून बसवा, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून दहा-पंधरा मिनिटं दाबा, थांबलं नाही तर थेट रुग्णालय गाठा. थांबलं तरी डॉक्टरकडे जा, आणि जाताना घरातली प्रत्येक गोळी, प्रत्येक चूर्ण, गुडघेदुखीसाठी शेजाऱ्यानं दिलेली पुडीसुद्धा सोबत न्या. कोण काय देतंय ते एका कागदावर लिहा, मग घरात चुली किती का असेनात. कुठलीही गोळी आपल्या मनानं वाढवू नका आणि कोणाच्या सांगण्यावरून टाकू नका. चमत्काराला विचारायचा प्रश्न एकच असतो: हे घडण्याचं दुसरं साधं कारण काय असेल? त्या मांडवात हा प्रश्न विचारायला एकवीस दिवस लागले.

संतोष यांनी मंगळवारीच पोलीस ठाण्यात जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली. तक्रार घेतली आहे, गुन्हा नोंदवलेला नाही. टोपलीतल्या बाकी पुरचुंड्यांवरची नावं आणि फोन नंबर सत्यशीलाबाईंनी उतरवून घेतले आहेत. त्यांतल्या एकोणचाळीस जणांना बुधवारी दुपारपर्यंत फोन लागला. अकरा जणांनी फोन ठेवून दिला. मंगळवारी चार वाजून दहा मिनिटांनी काढलेला महाराजांचा व्हिडिओ टाळ्यांपाशी तोडून फिरतो आहे आणि पुढच्या मंगळवारची नोंदणी चालू आहे.

बुधवारी सकाळी सव्वासातला अतिदक्षता विभागात डॉक्टरांनी दत्तोबांना दोन्ही हात वर करायला सांगितले. त्यांनी डोळे उघडले. डावा हात वर केला. उजव्या हाताची फक्त बोटं हलली. नर्सनं वेळ लिहिली, त्यापुढे 'फेरतपासणी दुपारी दोन' असं लिहिलं. दोनची तपासणी झाली आहे. गुठळीचा तुकडा मेंदूत गेला का, हे कुटुंबाला अजून सांगितलेलं नाही.